बिलाच्या कागदावरचा कामगार

मराठी भाषेत 'कंत्राटदार' आणि 'कंत्राटी कामगार' हे दोन शब्द गेली कित्येक दशके परस्परविरोधी अर्थाने वापरले गेले आहेत. कंत्राटदार म्हणजे माणसे पुरवणारा, त्यांच्या मजुरीतून आपला हिस्सा काढून घेणारा. कंत्राटी कामगार म्हणजे त्या हिश्शाची किंमत मोजणारा. १९७० साली संसदेने कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा केला तो या दोघांमधील विषमता ओळखूनच. आज मात्र पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आणि आता तालुक्याच्या गावांतही असा एक श्रमिक वर्ग उभा राहिला आहे, की ज्याच्या ठायी हे दोन्ही शब्द एकवटले आहेत. परदेशातील एखाद्या लहानशा कंपनीसाठी तो घरी बसून काम करतो. काम सांगणारी कंपनी ठराविक, मोबदला महिन्याच्या महिन्याला, कामाचे तासही बहुधा त्या कंपनीच्या घड्याळाप्रमाणे. परंतु महिनाअखेर त्याच्या हाती पगारपत्रक पडत नाही. तोच कंपनीला बिल पाठवतो. कराराच्या कागदावर तो 'स्वतंत्र कंत्राटदार' असतो. स्वतःलाच कामाला लावणारा, आणि स्वतःच्याच वतीने सर्व जोखीम पत्करणारा.

हे बिल म्हणजे केवळ हिशेबाचा कागद नव्हे. श्रम विकत घेणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते आणि श्रम विकणाऱ्याची कोठे सुरू होते, याची सीमारेषा त्या कागदावर आखलेली असते. म्हणून या कागदाची नीट तपासणी करणे हे केवळ चार्टर्ड अकाउंटंटचे काम नाही. श्रमिकांच्या प्रश्नाशी ज्यांना कर्तव्य आहे त्या सर्वांचे ते काम आहे.

सीमेपलीकडची बाजू

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अमेरिकेत दहा-बारा माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. पुण्यातील एक तरुणी तिच्यासाठी दरमहा २,००० डॉलर मोबदल्यावर प्रोग्रामिंगचे काम करते. या व्यवहारात अमेरिकी कंपनीला करापुरते काय करावे लागते? जवळजवळ काहीच नाही. परकीय व्यक्तीला अमेरिकी उगमाचे उत्पन्न देताना तेथील कायद्यानुसार सर्वसाधारणपणे ३० टक्के कर कापून घ्यावा लागतो हे खरे. परंतु श्रमाच्या मोबदल्याचा उगम, त्याच कायद्याच्या दृष्टीने, श्रम जेथे केले गेले तेथे असतो. काम पुण्यात झाले, तर उत्पन्नाचा उगम अमेरिकेत नाही. म्हणून कपात नाही. आपण अमेरिकी नागरिक वा रहिवासी नाही, असे 'डब्ल्यू-८ बेन' नावाच्या नमुन्यावर ती तरुणी लिहून देते. हा कागद अमेरिकी करखात्याकडे पाठवायचाही नसतो. कंपनीने तो आपल्या दप्तरी ठेवायचा. तो सामान्यतः सही केलेले वर्ष आणि त्यापुढील तीन वर्षे चालतो. देशांतर्गत कंत्राटदारांना दिलेल्या रकमांचे जे विवरण कंपनीला करखात्याकडे धाडावे लागते, तेही येथे लागू होत नाही.

याउलट हीच कंपनी त्या तरुणीला रीतसर नोकर म्हणून ठेवू म्हणाली, तर चित्र पालटते. भारतात नोकर ठेवणारा मालक म्हणून नोंदणी, पगारावरील करकपात, भविष्यनिर्वाह निधी, आणि या सर्वांहून धास्तीचे म्हणजे 'कायम आस्थापना' ठरण्याची शक्यता. म्हणजे कंपनीच्या नफ्याच्या काही भागावर भारत सरकारने कर मागण्याची शक्यता. बारा माणसांच्या कंपनीला हा भार पेलवत नाही. मधल्या काळात 'नोंदलेला मालक' म्हणून स्थानिक पातळीवर नोकरी देणाऱ्या आणि परदेशी कंपनीकडून शुल्क घेणाऱ्या मध्यस्थ संस्था निघाल्या आहेत. परंतु त्यांचे शुल्कही लहान कंपनीला जड वाटते. तेव्हा येथे कोणी दुष्ट भांडवलदार शोधत बसण्यात अर्थ नाही. लहान कंपनी सरळ, स्वस्त आणि कायदेशीर मार्ग धरते. दोष तिच्या नियतीत नसून व्यवस्थेच्या घडणीत आहे. ज्या मार्गाने श्रमिकाला संरक्षण मिळते तो मार्ग काट्याकुट्यांचा, आणि ज्या मार्गाने ते मिळत नाही तो राजरस्ता, अशी ही घडण आहे.

निर्यातदाराची दीक्षा

आता अलीकडची बाजू. घरातल्या टेबलावर काम करणारी ही तरुणी वस्तू व सेवा कराच्या कायद्याच्या दृष्टीने सेवांची निर्यातदार आहे. सेवा पुरवणारा भारतात असावा, घेणारा भारताबाहेर असावा, सेवेचे स्थान भारताबाहेर ठरावे, मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने अनुमती दिलेल्या प्रकरणी रुपयांत यावा, आणि दोन्ही पक्ष एकाच संस्थेच्या दोन शाखा नसाव्यात, या अटी पूर्ण झाल्या की सेवा 'निर्यात' ठरते आणि तिच्यावरील कराचा दर शून्य होतो. हे धोरण म्हणून योग्यच आहे. कोणताही शहाणा देश आपले कर निर्यात करीत नाही.

परंतु दर शून्य असणे आणि त्रास शून्य असणे यांत फार अंतर आहे. नोंदणीकृत निर्यातदाराने दरवर्षी हमीपत्र, व्यवहारात ज्याला एलयूटी म्हणतात ते, सादर करायचे. नाहीतर आधी १८ टक्के कर भरायचा आणि मागाहून परतावा मागत बसायचे. प्रत्येक बिलाला अनुक्रमांक हवा, सेवेचा संकेतांक हवा, आणि ही सेवा हमीपत्राखाली कर न भरता निर्यात होत आहे असा शेरा हवा. विवरणपत्रे ठरल्या मुदतीत भरायची, कर एक रुपयाचाही देणे नसले तरी. बँकेत पैसे जमा झाले की ते परदेशातून आणि कोणत्या कारणासाठी आले याचा दाखला मिळवून जपायचा. कारण तो नसेल तर निर्यात सिद्ध करता येत नाही.

नोंदणीची सक्ती सेवांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर येते, आणि या उलाढालीत निर्यातही मोजली जाते. येथे एक विलक्षण गोष्ट घडते. वर्षाला २४,००० डॉलर मिळवणारी आपली तरुणी डॉलर ८२ रुपयांना होता तेव्हा १९ लाख ६८ हजारांवर होती, म्हणजे मर्यादेच्या आत. २०२३ साली भाव साधारण असाच होता. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली. त्या भावाने तिची उलाढाल २१ लाख ६० हजार झाली. तिचा मोबदला एका डॉलरनेही वाढलेला नाही. अमेरिकेत त्याची खरेदीशक्ती उलट महागाईने घटलीच आहे. तरी रुपया घसरला एवढ्याच कारणाने ती नोंदणी, हमीपत्र आणि विवरणपत्रे यांच्या जाळ्यात आली. २० लाखांची ही मर्यादा देशातील दुकानदाराला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. चलनाच्या चढउतारावर जगणाऱ्या श्रमिकाचा विचार तीत नाही.

याहूनही कठोर तरतूद वेगळीच आहे. हमीपत्राखाली निर्यात केलेल्या सेवेचे पैसे ठरल्या मुदतीत आले नाहीत, तर निर्यातदाराने त्या बिलावरील कर व्याजासह भरावा असा नियम आहे. ही मुदत साधारणतः एका वर्षाची, अथवा परकीय चलन कायद्याने दिलेल्या वाढीव काळाची असते. मोठ्या निर्यात संस्थेच्या बाबतीत यामागे काही तर्क आहे; पैसे परदेशातच दडवून ठेवण्याच्या वृत्तीला त्यामुळे आळा बसतो. पण परदेशातील एखादी लहान कंपनी तीन महिन्यांचे पैसे बुडवून दिवाळखोरीत निघाली, तर येथील एकट्या श्रमिकाचे काय? त्याची मजुरी तर बुडालीच. शिवाय न मिळालेल्या मजुरीवर कर आणि व्याज हेही त्याच्या शिरी. नोकराचा पगार बुडाला तर कायदा त्याला मालकाच्या मालमत्तेवर अग्रहक्क देतो. बिल देणाऱ्याचा पगार बुडाला तर कायदा त्याच्याकडेच कर मागतो. शब्द बदलल्याने माणसाची अवस्था किती बदलते याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

राज्यसंस्था कोणाला धरते?

हे सर्व निर्यातीपुरतेच आहे असे कोणी समजू नये. आरशाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. नाशिकमधील एखाद्या लहान कंपनीने पोलंडमधील एखाद्या चित्रकाराकडून काम करवून घेतले, तर त्याच्या बिलावरील वस्तू व सेवा कर भारतीय कंपनीलाच 'उलट आकारणी'च्या पद्धतीने भरावा लागतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची, आणि येथे २० लाखांची मर्यादाही मदतीला येत नाही. पैसे पाठवण्यापूर्वी आयकर कापायचा की नाही, हे ठरवण्याची जबाबदारीही कंपनीचीच. तांत्रिक सेवांच्या शुल्कावरील हा दर २०२३ च्या वित्त कायद्याने १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेला. दोन देशांमधील करारान्वये तो कमी होऊ शकतो, पण त्यासाठी चित्रकाराकडून त्याच्या देशातील रहिवासाचा दाखला मिळवावा लागतो. श्रम पोलंडमध्ये झाले हा युक्तिवाद भारतीय कायदा तांत्रिक सेवांच्या बाबतीत सहसा मान्य करीत नाही. अमेरिकी कायदा मात्र नेमक्या त्याच तत्त्वावर उभा आहे.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की तत्त्व स्पष्ट होते. पैसे देणारा देशात असला तर कायदा पैसे देणाऱ्याला धरतो. काम करणारा देशात असला तर काम करणाऱ्याला धरतो. राज्यसंस्थेचा हात पोचतो तेथवरच तिची न्यायबुद्धी. करवसुलीच्या दृष्टीने यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु करवसुलीसाठी ज्याला धरले, त्याला संरक्षणासाठीही धरावे, निदान तेवढी आठवण ठेवावी, ही अपेक्षा लोकशाही राज्याकडून गैर म्हणता येणार नाही.

गोड गोळी

येथवरचे विवेचन वाचून असा प्रश्न कोणीही करील, की हा व्यवहार श्रमिकाला इतका जाचक असेल, तर हजारो सुशिक्षित तरुण तो आपखुशीने का पत्करतात? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. डॉलरमधील मोबदला येथील पगाराहून बहुधा अधिक असतो हे एक. आणि आयकर कायदा नोकरापेक्षा कंत्राटदारावर अधिक मेहेरबान आहे, हे दुसरे.

२०१६ साली लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आली. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंते, तांत्रिक सल्लागार अशांनी आपल्या जमेपैकी किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी. उरलेली निम्मी खर्च समजली जाईल आणि हिशेबाच्या वह्या ठेवण्याची गरज नाही. प्रारंभी ५० लाखांपर्यंतच्या जमेला ही सवलत होती; २०२३ पासून, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर, ७५ लाखांपर्यंत आहे. माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसायही या यादीत मोडतो. आगाऊ कराचे चार हप्तेही या मंडळींना नाहीत. १५ मार्चपर्यंत एकच हप्ता पुरतो.

आता हिशेब करू. आपल्या तरुणीची वार्षिक जमा २१ लाख ६० हजार. अनुमानित उत्पन्न १० लाख ८० हजार. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ठरवलेल्या नव्या पद्धतीच्या दरांनुसार १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीनंतर कर उरत नाही. म्हणजे तिचा आयकर शून्य. तिच्याच शेजारच्या घरात राहणारी, तेवढ्याच रकमेचा पगार घेणारी बाई प्रमाणित वजावटीचे ७५ हजार वजा करून २० लाख ८५ हजारांवर कर देते: उपकरासह २ लाख ३० हजार १०० रुपये. डॉक्टरला दवाखान्याचे भाडे, परिचारिकेचा पगार, औषधांचा खर्च असतो. त्याच्या बाबतीत निम्मा खर्च धरणे वाजवी आहे. एक संगणक आणि एक खुर्ची एवढेच भांडवल असणाऱ्याचा खर्च निम्मा होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

तात्पर्य, 'नोकर न राहता कंत्राटदार हो' असे अमेरिकी कंपनी जितक्या हौसेने सांगते, तितक्याच हौसेने भारताचा करकायदाही सांगतो. सुरक्षिततेच्या बदल्यात श्रमिकाच्या हातात ही गोड गोळी ठेवलेली आहे. गोळीची किंमत संकटाच्या दिवशी कळते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा कायद्याने मिळते. आपल्या तरुणीने सहा महिने काम थांबवले तर तिचे १० लाख ८० हजार रुपये जातात, म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळाची करबचत एका बाळंतपणात संपते. आणि परत आल्यावर काम शिल्लक असेल याची हमी नाही ती नाहीच. आजारपण, अपघात, वार्धक्य यांचे हिशेब वेगळे मांडण्याची आवश्यकता नाही. आणि या यादीत ज्यांच्या व्यवसायाचे नाव स्पष्टपणे नाही अशा भाषांतरकारासारख्यांना तर गोळीही मिळेल याची खात्री नाही. जोखीम मात्र पुरेपूर.

दूरच्या संसदेचा निर्णय

जोखमीचा आणखी एक प्रकार असा, की ती जेथे ठरते तेथे या श्रमिकाचा आवाजच नाही. अमेरिकेच्या २०१७ च्या करकायद्यातील एक तरतूद २०२२ पासून अमलात आली. तिच्या अन्वये संशोधन व विकासाचा खर्च त्याच वर्षी वजा करण्याची मुभा संपली; सॉफ्टवेअर निर्मितीचाही त्यात समावेश आहे. देशात केलेला खर्च पाच वर्षांत आणि देशाबाहेर केलेला पंधरा वर्षांत विभागून वजा करावा, असे ठरले. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने देशातील कामाची सवलत परत दिली. परदेशातील कामासाठी पंधरा वर्षे कायम राहिली. म्हणजे पुण्यातील तरुणीला दिलेले २४,००० डॉलर जर या सदरात मोडत असतील, तर तिच्या कंपनीला ढोबळ मानाने वर्षाला १,६०० डॉलरच वजा करता येतात, आणि पहिल्या वर्षी त्याच्याही निम्मे. उरलेली रक्कम खर्च होऊनही करापुरती नफाच मानली जाते. मोठ्या कंपन्यांना हा धक्का सोसतो. रोखीवर जगणाऱ्या लहान कंपनीला सोसत नाही. ती काय करील? दर उतरवून मागेल किंवा करार थांबवील. नोकराला काढताना नोटीस आणि भरपाई लागते. बिल देणाऱ्याला काढताना पुढच्या महिन्याचे बिल पाठवू नका, एवढे सांगितले की पुरे.

जुने धडे

हा प्रश्न अगदीच नवा आहे काय? महाराष्ट्राच्या कामगार चळवळीला तरी तो नवा वाटण्याचे कारण नाही. सोलापूर, सिन्नर, कामठी येथील विडी कामगार स्त्रिया घरी बसूनच विड्या वळत. तंबाखू आणि पाने मालकाची, घर आणि हात त्यांचे. या बाया आमच्या नोकर नव्हेतच, असे कारखानदार म्हणत. १९६६ साली संसदेने कायदा करून घरी बसून काम करणारी विडी कामगारही कामगारच आहे, हे मान्य केले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी केरळमधील एका दोरखंडाच्या कारखान्याच्या खटल्यात याच दिशेने पाऊल टाकले: मधल्या कंत्राटाचा पडदा बाजूला सारून, कोणाच्या धंद्यावर कामगाराचे पोट अवलंबून आहे ते पाहावे, आणि तोच खरा मालक समजावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

परंतु प्रस्तुत प्रश्नाला सर्वांत जवळचा धडा माथाडींचा आहे. हमालाचा एक मालक नसतो; सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीच्या रूपाने पुण्यात जी संघटना उभी राहिली, तिच्यापुढे हाच पेच होता: ज्याला कायमचा मालक नाही त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने त्याचे उत्तर दिले. मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावी. मंडळाने मजुरी कामगाराला द्यावी आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान, औषधोपचार यांची तरतूद करावी. सुरक्षितता मालकाशी न जोडता कामाशी जोडली गेली. हे तत्त्व जगाच्या अनुभवालाही धरून आहे. पश्चिम जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंत आणि लेखकांसाठी सामाजिक विम्याची योजना सुरू झाली, ती आजही चालू आहे. निम्मे अंशदान कलावंताचे, उरलेले त्यांचे काम घेणाऱ्या संस्थांचे आणि केंद्र सरकारचे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली, पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरील 'गिग' कामगाराची दखल घेतली हे स्वागतार्ह आहे. तथापि तीतील अंशदानाची योजना मोटारी, खाद्यपदार्थ, व्यावसायिक सेवा अशा क्षेत्रांतील मध्यस्थ मंचांवर बेतलेली आहे. त्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत, अशी ती तरतूद आहे. दहा-बारा माणसांची परदेशी कंपनी आणि पुण्यातील श्रमिक यांच्यामध्ये असा मंच नसेल, तर अंशदान कोण देणार, या प्रश्नावर संहिता मौन पाळते.

काय करता येईल

पहिली सुधारणा साधी आहे. ज्या व्यक्तीची संपूर्ण उलाढाल सेवांची निर्यात आहे, आणि ज्याच्यावर कर मुळी देणेच लागत नाही, तिच्यासाठी नोंदणीची मर्यादा अनुमानित उत्पन्नाच्या मर्यादेइतकी वाढवावी, आणि त्यापलीकडे वर्षाला एकच विवरण पुरेसे मानावे. बँकेकडे परकीय जमेची नोंद असतेच. तीच माहिती दोनदा भरून घेण्याने सरकारच्या तिजोरीत काही पडत नाही.

दुसरी: एकट्या श्रमिकाचे परदेशी बिल बुडाले, आणि त्याने वसुलीचा वाजवी प्रयत्न केला असे दिसले, तर त्यावर कर आणि व्याज मागण्याची तरतूद त्याला लागू करू नये.

तिसरी सुधारणा मूलगामी आहे. माथाडी मंडळाच्या धर्तीवर परदेशी काम करणाऱ्यांसाठी एक सामाजिक सुरक्षा मंडळ स्थापन करावे. परदेशी कंपनीवर भारतीय लेव्हीचा कायदा चालणार नाही, हे उघड आहे. पण तेथेच थांबण्याचे कारण नाही. कारण निधीचा उगम देशातच आहे. अनुमानित उत्पन्नाची सवलत घेणाऱ्या आणि परदेशी मोबदल्यावर जगणाऱ्या श्रमिकाने जमेच्या, समजा, पाच टक्के मंडळाकडे भरावेत, आणि सवलत त्या अंशदानाशी जोडलेली असावी. वरील उदाहरणात ही रक्कम १ लाख ८ हजार होते. म्हणजे नोकराच्या तुलनेत वाचलेल्या कराच्या निम्म्याहून कमी. ज्यांची जमा इतकी कमी आहे, की नोकर असते तरी त्यांना कर पडलाच नसता, त्यांचे अंशदान नाममात्र ठेवून उरलेला भार सरकारने उचलावा. बँकेत रक्कम जमा होतानाच कपात झाली तर वेगळ्या विवरणाचीही गरज नाही. त्यातून प्रसूती, आजारपण, कामात पडलेला खंड आणि वृद्धापकाळ यांची तरतूद व्हावी.

यावर नेहमीचा आक्षेप येईल: अंशदान लादले तर काम मनिलाला किंवा वॉर्सॉला जाईल. आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. लेव्हीचा भार कोणावर पडतो हे कायद्याच्या कलमावर नव्हे, तर बाजारातील सौदाशक्तीवर ठरते. आणि परदेशी कंपनीपुढे पर्याय अनेक आहेत. म्हणूनच प्रस्तुत योजनेत कंपनीने द्यावयाचा दर एका डॉलरनेही वाढत नाही. आज जी सवलत वैयक्तिक खर्चात विरून जाते, तिचा काही भाग सामुदायिक सुरक्षिततेकडे वळतो, एवढेच. एकेकाला मिळणारी करसवलत हा त्याचा लाभ असतो. सर्वांनी मिळून उभारलेला निधी हा सर्वांचा आधार असतो. या दोहोंतील फरक ज्या चळवळीने हमालाला समजावून सांगितला, तिला तो संगणकासमोर बसणाऱ्याला समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. हमाल आपल्याला हमाल म्हणवून घेत होता. हा नवा श्रमिक आपल्याला कामगार म्हणवून घ्यायला तयार नाही. कराराने त्याला कंत्राटदार म्हटले, कायद्याने निर्यातदार म्हटले, आणि त्याने ते दोन्ही किताब अभिमानाने स्वीकारले. एका दालनात एकट्याने काम करणाऱ्याला संघटनेचे महत्त्व उशिरा कळते; बहुधा बिलाचे पैसे यायचे थांबतात तेव्हा. तोपर्यंत वाट पाहणे चळवळीला परवडणारे नाही. महिनाअखेर तो जे बिल पाठवतो त्यावर अनुक्रमांक असतो, संकेतांक असतो, हमीपत्राचा शेरा असतो. त्याच्या म्हातारपणाचा, आजाराचा, लेकराच्या जन्माचा एकही रकाना त्यावर नसतो. तो रकाना त्या कागदावर आणणे हे आता त्याच्या संघटनेचे आणि कायदे करणाऱ्यांचे काम आहे.